नथनीकडचा वारा

माझी उजवी नाकपुडी बंद आहे. सत्तरी उलटली तरी बंदच आहे. अगदी गच्च नाही. थोडासा वारा येतो तिच्यातून, तोही तिची मर्जी असेल तेव्हा. लोक म्हणतात, या माणसाचा राग नाकावर असतो. असेल. आत जायला वाटच नाही म्हटल्यावर तो बिचारा नाकावरच बसणार.

आज मी हे थट्टेनं सांगतो. पण लहानपणी आमच्या घरात या नाकपुडीची थट्टा चालत नसे, कारण माझा जीव त्याच नाकपुडीत आहे अशी मायची खात्री होती. ती बंद पडली म्हणजे मी गेलो. मी समोर बसून भाकर खात असलो तरी तिची ही खात्री हलत नसे. आता डाव्या नाकपुडीनं व्यवस्थित श्वास घेणाऱ्या पोरानं हे कसं समजून घ्यायचं, सांगा.

आमची बागाईत रिसोडला लागून होती. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे इतर लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. विहिरीवर मोट चाले, बा बैल हाकी, माय वाफ्यांत पाणी वळवी, आणि माल बाजारच्या दिवशी बंडीत घालून रिसोडात नेला जाई. घरात आम्ही तिघं आणि बापाची विधवा बहीण, माझी आत्या.

माझ्या आधी मायची तीन लेकरं गेली होती. दोन तान्ही असतानाच गेली. तिसरा चांगला दोन-अडीच वर्षांचा, अंगणात पळणारा, होऊन गेला. त्याला नेताना त्याच्या नाकात कापसाचे बोळे घातले होते, सगळ्यांच्याच घालतात तसे. मायनं ते पाहिलं आणि तेव्हापासून तिनं कापसाला हात लावला नाही. वऱ्हाडात राहून कापसाशी वैर धरणं सोपं नाही. दिवाळीच्या पुढेमागे आमच्याकडच्या झाडून साऱ्या बाया वेचणीला जात. माय जात नसे. देवापुढच्या वातीसुद्धा आत्याच वळून ठेवी. शेजारणी म्हणत, हिला बागाईतीचा माज चढला. बा फक्त म्हणे, "तिले नाही जमत कापसाचं," आणि विषय बदले.

मग मी झालो. आमच्यात रीत अशी की आधीची पोरं जगत नसली तर पुढच्या पोराचं नाक टोचायचं, त्यात सोन्याच्या तारेचं बारीक कडं घालायचं आणि त्याला मुलगी म्हणून खपवायचं. बायकांची मोत्यांची नथ असते तशी नव्हे ती; साधं कडं, आम्ही त्याला नथनी म्हणायचो. मरण दारात येतं, आत डोकावतं, ही तर पोरगी म्हणतं आणि माघारी जातं, अशी समजूत. मुलगी न्यायचा मरणालासुद्धा कंटाळा यावा, हे मोठेपणी माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला फार राग आला होता. पण त्या रीतीवरच मी वाढलो, तेव्हा जास्त बोलत नाही. पोरींची डावी नाकपुडी टोचतात, माझी उजवी टोचली. पोरगी म्हणूनच खपवायचं होतं तर उजवी कशाला, असं मी पुष्कळांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. नावही त्या नथनीवरूनच ठेवलं. ते इथं सांगत नाही, कारण आमच्या भागात भर बाजारात त्या नावानं हाक मारली तर चार-पाच म्हातारे एकदम वळून पाहतील.

नाक टोचायला सुईण आली होती. काम झाल्यावर तिनं मायला बजावलं, "याचा जीव आता या नथनीत बांदला, बाई. लगनापर्यंत काढू नोको. अन् इकडचा वारा जपजो."

आमच्या घरात श्वासाला वाराच म्हणत. माणूस गेला म्हणजे त्याचा वारा गेला. तेव्हा मायनं सुईणीचा शब्द पदराला बांधला आणि नथनीकडचा वारा जपायला लागली. जपायचा म्हणजे काय, तर मी झोपलो की यायचं, बोटाची मागची बाजू त्या नाकपुडीखाली धरायची आणि वारा लागतो का पाहायचं. लागला तर बरं. नाही लागला तर मला गदगदा हलवून उठवायचं.

मी शाळेत जाऊ लागलो त्या सुमारास ती नाकपुडी बंद पडायला लागली, आणि माझ्या झोपेचं वाटोळं झालं.

विहिरीजवळ जांभळाचं मोठं झाड होतं. उन्हाळ्यात दुपारी सारं घर जेवून त्याच्या सावलीत आडवं होई. बैलसुद्धा डोळे मिटून रवंथ करत. मला नुकती गुंगी येत असे, एवढ्यात नाकाखाली मायचं बोट. ते बोट सकाळपासून मिरच्या तोडत असे. मी डोळ्यांतून पाणी काढत शिंकत उठायचो.

"मले झोपू काहून देत नाही वं, माय?"

"झोप ना बापा. म्या काय म्हटलं?"

"मंग उठवतं कायले?"

"तुले उठवलं का म्या? तूच उठला."

आणि ती वाफ्याकडे निघून जाई. मी चक्रावून बसे. दुसऱ्यांच्या आया पोरांना थोपटून झोपवतात, आणि आपली आई आपल्याला झोपू देत नाही, याचा एकच अर्थ मला लागत होता. तिला मी नको होतो. ती तीन हवी होती, आणि त्यांच्या जागी मी आलो होतो. हे मी कोणाला बोललो नाही, पण बरीच वर्षं मला तसंच वाटायचं.

खरी गोष्ट आत्याच्या तोंडून कळली. माय नसताना मी तिच्याजवळ कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुह्या नथनीकडचा वारा पाहते ते. लागला नाही का तिले वाटते, तू गेला."

"पण मी तर दुसरीकडून घेतो ना वारा."

"दुसरीकडचा कायच्या कामाचा? जीव त इकडं बांदला न तुहा."

यानं माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. माझा वारा डावीकडून चालतो आणि माझा जीव उजवीकडे बांधलेला आहे. मग डावीकडून जो चालतो तो कोणाचा? मी आंघोळ करताना एक एक नाकपुडी दाबून पाहू लागलो. डावी दाबली की जीव घाबरा व्हायचा. उजवी दाबली की काहीच व्हायचं नाही. म्हणजे उजवीत जीव नसावा असं वाटे. पण माय खोटं कशाला बोलेल? म्हणून मी दोन्ही दाबून पाहिल्या, आणि तोंडानं श्वास घ्यायला लागलो तेव्हा तर काहीच कळेनासं झालं.

उपाय सुरू झाले. प्रत्येकाकडे एक उपाय होता आणि प्रत्येकाला आपलाच खात्रीचा वाटे. आत्या तपकीर ओढायची. तिचं म्हणणं, चिमूटभर तपकीर ओढली की डोक्यातला सारा कचरा खाली येतो. मायची नजर चुकवून तिनं ती मला दिली. नेमका त्याच वेळी बा बाजाराला निघाला होता, बंडी जुंपलेली होती. मी शिंकायला लागलो ते थांबेचना. निघताना शिंक झाली म्हणजे क्षणभर खाली बसायचं, मगच निघायचं, हा बाचा नेम. तो उठे, मी शिंके, तो पुन्हा बसे. ऊन चढलं, मेथी माना टाकायला लागली. शेवटी त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि एरवी हातानं हाकायची बंडी पायानं बैलांना डिवचत हाकून नेली. त्या दिवशी मेथीला गिऱ्हाईक लागलं नाही. आत्याची तपकिरीची डबी महिनाभर बाच्या कमरेला राहिली.

रिसोडातल्या वैद्यबुवांनी माझी नाडी पाहिली, मग नाकाखाली आपला तळवा धरून डोळे मिटले. म्हणाले, डावा स्वर चंद्राचा, उजवा सूर्याचा. या मुलाचा सूर्य मावळलेला आहे, म्हणून याला थंडीचा विकार. कोमट गाईचं तूप दोन वेळा नाकात सोडायचं, आणि ओव्याची पुरचुंडी हुंगायची. बानं विचारलं, "नुसत्या चंद्रावर चालते का माणूस?" वैद्यबुवा म्हणाले, चालतो, पण ढिला पडतो. मी शाळेत गणितात ढिला होतोच. त्यामुळे बाला ते पटलं.

तूप नाकात सोडलं की घशात उतरायचं, आणि मी ते गिळून टाकायचो. गाईचं तूप होतं, थुंकणार कोण? नाकपुडी होती तशीच. पण गंमत अशी की कधी कधी ती आपोआप उघडे. मी तूप घातल्यावर जरा वेळ आडवा पडलो की एकदम उजवीकडे झुळूक लागावी तसं होई, आणि सांबाराचा वास थेट डोक्यात जाई. माय खूश. वैद्यबुवांच्या घरी वांग्यांची टोपली जाई. दुसऱ्या दिवशी तेच तूप, तीच खाट, आणि नाकपुडी बंद. मग तुपात खोट निघे, गाईत निघे, माझ्यात निघे. आपल्या तोंडावरच असलेली गोष्ट आपलं काहीच ऐकत नाही, आणि का ऐकत नाही हे गावात कोणालाच ठाऊक नाही, या विचारानं मी हैराण व्हायचो.

यातली मेख माझी मलाच सापडली. डाव्या कुशीवर झोपलं की वरची, म्हणजे उजवी, नाकपुडी हळूहळू मोकळी होते. उजव्या कुशीवर वळलं की पुन्हा बंद. मोठा शोध लागल्यासारखा मी मायला सांगायला धावलो. ही माझी चूकच झाली. त्या दिवसापासून मला डाव्या कुशीवरच झोपायचा हुकूम झाला. झोपेत वळलो की उठवणं. आधी ती फक्त वारा नसला तर उठवायची, आता कूस बदलली तरी उठवायला लागली. आमच्यात म्हणतात तसं, आ बैल, मुझे मार.

शाळेत पोरं मला वेसण घातलेला गोऱ्हा म्हणत. सर्दी झाली की दोन्ही नाकपुड्या भरत आणि माझा म निघेनासा होई, त्याच्या जागी ब येई. मास्तर धडा वाचायला लावत. "मामाच्या मळ्यात" हे मी "बाबाच्या बळ्यात" असं वाचलं की वर्ग लोळे. घरीही मी मायला "बाय" म्हणायचो. आमच्याकडे बाय म्हणजे कोणतीही बाई. आत्या म्हणे, "पाह्य वं, तुहं पोरगं तुले वळखत नाही." सगळे हसत. माय हसत नसे. ती मला जवळ ओढून म्हणे, "माय म्हण. म्हण बरं, माय." मी म्हणायचो, बाय. तिचा चेहरा उतरे.

मी बारा-तेरा वर्षांचा झालो तेव्हा उजवी नाकपुडी डाव्या कुशीवरसुद्धा उघडेनाशी झाली. डोकं जड राहायला लागलं. मायनं जेवण टाकलं. मग बानं ठरवलं की वाशीमच्या सरकारी दवाखान्यात जायचं. तोपर्यंत रिसोड-वाशीम सर्विस मोटार सुरू झाली होती. तिच्यात बसून माय आयुष्यात पहिल्यांदा वाशीमला आली, वाटभर माझं नाक बघत.

डॉक्टर बाहेरगावचे, तरुण आणि घाईत असलेले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हनुवटी वर केली आणि लगेच म्हणाले, "हे कडं काढा. त्याशिवाय मला आत नीट दिसणार नाही."

"नाही," माय म्हणाली.

"अहो, पाच मिनिटं काढायचं. तपासलं की पुन्हा घाला."

"नाही काढत जी."

"मग श्वास अडेल नाही तर काय होईल? हेच कडं आत रुतलेलं असलं तर?"

बा मायकडे पाहू लागला. मीही पाहिलं. तिचा चेहरा आजही डोळ्यांपुढे आहे. काढली तर जीव जातो, ठेवली तर वारा जातो. दोन्हीकडून मीच जाणार होतो, आणि निवड तिनं करायची होती. ती उठून खोलीबाहेर गेली आणि व्हरांड्यात भिंतीशी तोंड करून बसली. मला तिच्यामागे जावंसं वाटलं, पण डॉक्टरांनी माझी मान धरलेली होती.

डॉक्टर वैतागून कंपाउंडरला म्हणाले, कड्यासकट जमेल तेवढं करा. औषधात भिजवलेला बोळा ठेवा, सूज उतरते का बघू. कंपाउंडरनं झणझणीत वासाच्या औषधात कापूस बुडवून तो चिमट्यानं उजव्या नाकपुडीत सारला, नथनीच्या कड्यातून वळवून. औषध पलीकडे उतरू नये म्हणून डावीतही एक कोरडा बोळा घातला. मला आतल्या बाकड्यावर निजवलं. "डोळे मीट, तोंड उघडं ठेव, बोलायचं नाही, हलायचं नाही," असं सांगून तो दुसऱ्या रोग्याकडे गेला. माश्या घोंघावत होत्या म्हणून बानं आपला शेला माझ्या अंगावर गळ्यापर्यंत पसरला आणि तो औषधाची बाटली आणायला बाहेर गेला.

मी पडून राहिलो. नाकात जळत होतं, पण मी हललो नाही. कधी नव्हे ते कोणी मला उठवत नव्हतं.

आणि मग ती किंकाळी आली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव घेऊन रडतात. मी ती रडण्याची चाल ओळखली आणि मनात म्हटलं, दवाखान्यात कोणी तरी गेलं वाटतं. मला त्या बाईची कीव आली. मग तिनं नाव घेतलं, ते माझं होतं. मला वाटलं, त्याचंही नाव माझंच होतं, बिचारा. त्याचीही नथनी असेल. मला सांगितलं होतं हलू नको, म्हणून मी हललो नाही. रडणं जवळ आलं. रोज वाफ्यांतून मला हाक मारणारा तोच आवाज होता, आणि मला एकदम उमगलं की ही आपली माय आहे, आणि गेलेला तो मीच आहे.

किती वेळ मला ते खरंच वाटलं, कोणास ठाऊक. डॉक्टर चुकून बोलले असतील, कंपाउंडरनं काही केलं असेल, नथनीला धक्का लागला असेल. मरण असंच असतं का, पडून सगळं ऐकू येतं आणि हलायची परवानगी नसते? मग मी घाबरून उठून बसलो आणि जीव खाऊन ओरडलो, "बाय!"

व्हरांड्यातून आत पाहूनच तिनं हंबरडा फोडला होता; आता ती दारात उभी होती. बोट लावून पाहायचीसुद्धा तिला गरज पडली नव्हती. मिटलेले डोळे, उघडं तोंड, अंगावर शेला आणि नाकात कापूस, हे तिनं आधी एकदा पाहिलेलं होतं. ती माझ्यावर झेपावली आणि ज्या कापसाला तिनं वर्षानुवर्षं हात लावला नव्हता तो तिनं दोन्ही हातांनी उपसून काढला. उजवीकडचा बोळा कड्याच्या तारेत गुंतला होता. तिनं हिसका दिला, तारेचं टोक उघडलं आणि कापसाबरोबर नथनीही तिच्या हातात आली. माझ्या ओठावर रक्ताचा थेंब आला.

 बा दारात बाटली धरून उभा. माय एका मुठीत कापूस, दुसऱ्या मुठीत नथनी घेऊन माझ्याकडे पाहत होती. आम्ही दोघंही वाट पाहत होतो. मी मरायची. खोटं कशाला सांगू, मीही वाट पाहत होतो. छातीत धडधडत होतं, ते थांबेल असं वाटत होतं. ते थांबलं नाही. औषधाचा झणझणाट डोक्यात गेला आणि मला शिंक आली.

"मी मरून राह्यलो का वं, माय?" मी विचारलं. या वेळी म नीट निघाला.

 ती माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत राहिली. मला रडू फुटलं, आणि ते भीतीनं की कशानं, हे मला आजही सांगता येत नाही.

डॉक्टर आले. त्यांनी गर्दी मागं सारली, रक्त पुसलं आणि म्हणाले, अनायासे निघालीच आहे तर बघू. कपाळावरच्या आरशानं नाकात उजेड पाडला, चिमट्यानं नाकपुडी रुंद केली, पुष्कळ वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कडं कुठंच रुतलेलं नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदाच वाकडा आहे. बहुतेक जन्मापासून. कड्याचा काही संबंध नाही."

"म्हंजे दोन वाफ्यांतला बांध सरकला म्हणा ना," बा म्हणाला. "एका वाफ्याले पाणी जास्त, एकाले कमी."

"तसंच. थंडीत आतलं मांस सुजतं, मग आहे ती वाटही बुजते. मिठाच्या कोमट पाण्यानं धूत जा. नागपूर-मुंबईकडे कापून सरळ करतात, पण याला त्याची गरज नाही. एका नाकपुडीवर माणूस म्हातारा होतो."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्या तुपाची, त्या ओव्याची आणि त्या सगळ्या मोडलेल्या झोपांची आठवण झाली आणि नुसता राग आला. कोणाचा, ते कळेना.

मायनं तोंड उघडलं. "पण सुईण बोलली होती जी. इकडचा वारा जपजो म्हणे. म्हणून म्या पाहत होती, वारा येते का नाही."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी बाच्या तोंडाकडे पाहिलं, बानं खाली पाहिलं. पण दाराशी एक म्हातारी उभी होती, कुठल्या तरी रोग्यासोबत आलेली. ती म्हणाली, "अवं बाई, ते त सगळ्यायलेच सांगतात. माह्या नातीच्या टायमालेही बोलली सुईण. टोचल्या जागेले वारा लागू देऊ नोका, वारा लागला का पिकते. कान टोचा का नाक टोचा, वारा जपाच लागते."

माय तिच्याकडे वळली.

"बाहीरचा वारा?" तिनं विचारलं.

"मंग कोनता वं?" म्हातारी म्हणाली. "हवा. झोंबती हवा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी त्यांना चावलो असतो. माय हळूच खाली बसली. कापूस अजून तिच्या मुठीतच होता, तो तिनं कुठं टाकायचा ते न कळून तसाच धरला होता. बा म्हणाला, "चाल, मोटार सुटंन." मग तिनं डॉक्टरांना विचारलं, "आता पुन्हा घालू का जी नथनी?"

"घाला, नका घालू," डॉक्टर म्हणाले. "काही फरक पडत नाही."

असलं उत्तर तिला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. तिनं नथनी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ पुन्हा पुन्हा आवळली. कापूस दवाखान्याच्या पायरीवर ठेवून दिला.

परतीच्या मोटारीत मी तिच्या शेजारी बसलो. माझं नाक ठणकत होतं, मी पहाटेपासून जागा होतो, आणि रस्त्याचे धक्के खात माझं डोकं तिच्या खांद्यावर पडलं. नेमका उजव्या कुशीला पडलो. गुंगी येत होती एवढ्यात नाकाखाली बोट आलं. उजवीकडे. मी मनात म्हटलं, झालं, आता हलवणार. बोट तिथं पुष्कळ वेळ थांबलं. तिथं वारा नव्हता, मला माहीत होतं. मग ते बोट ओठावरून हळूच सरकलं आणि डाव्या नाकपुडीखाली आलं. इतक्या वर्षांत ते तिकडे कधी गेलं नव्हतं. ते तिथं थांबलं, आणि मी डोळे मिटूनच जरा जोरानं श्वास सोडला.

पुढच्या बाकावरून बा मागं वळला. "झोपलं का पोरगं? उठव, रिसोड येऊन राह्यलं."

"येऊ द्या," माय म्हणाली. "झोपू द्या त्याले."